बांधापलीकडची अळी

आमच्या भेंडीला अळी जास्त आणि धोंडाबाईंच्या भेंडीला कमी, हे कोडं दोन उन्हाळे मला काही केल्या सुटत नव्हतं. बी एकाच दुकानातलं, पाणी एकाच कालव्याचं. औषधसुद्धा एकच. मधे फक्त एक बांध, त्यावर हराळी आणि एक एरंडाचं झुडूप. तरी त्यांची भेंडी बोटासारखी सरळ आणि स्वच्छ, आणि आमच्या भेंडीला भोकं. बारामतीच्या मार्केटात आमचा माल उघडला की अडत्या आधी भेंडीकडं बघायचा, मग माझ्याकडं, जसं काही ती भोकं मीच पाडलीत.

वडगावात कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं रान. आमचं म्हणजे माझं, माझ्या सासूचं आणि भेंडीचं. घरचे एसटीत ड्रायव्हर, कधी मुक्कामी तर कधी डबल ड्यूटी. मुलगा बुद्धघोष बारामतीच्या एमआयडीसीत कंपनीत. बांधाच्या पलीकडं झुंबरदाजी आणि धोंडाबाई. धोंडाबाईंना मी आक्का म्हणते. त्या मला दर्शे म्हणतात. प्रियदर्शनी एवढं लांबडं नाव भेंडीच्या सरीत कोण म्हणत बसणार!

भेंडीला दिसाआड तोडा लागतो. तोडा चुकला की ती जून होते, आणि जून भेंडी म्हैससुद्धा नाक मुरडून खाते. दोघी बायकांना एक रान एका दिवसात उरकत नाही. म्हणून आमची आणि त्यांची सावड होती. आज आक्का आणि त्यांची सून प्रगती आमच्यात, उद्या मी आणि सासूबाई त्यांच्यात. पैशाचा संबंध नाही. अंगानं केलेलं अंगानं फेडायचं.

भेंडीची लव अंगाला लागली की खाज सुटते, रडू येईल अशी. म्हणून आम्ही पुरुषांचे जुने पायमोजे हातात घालायचो. प्रगतीच्या हातात तिच्या नवऱ्याचे लग्नातले मोजे होते, सोनेरी काठाचे. सासूबाईंचं नाव ताईबाई, आम्ही सगळ्या त्यांना आत्या म्हणतो. त्या मात्र उघड्या हातानं तोडायच्या. "माझ्या हाताची भेंडीलाच खाज सुटंल," म्हणायच्या.

आत्या तोडताना पुटपुटायच्या. त्रिशरण, पंचशील. कुणाला ऐकवायला नाही. एकटी बाई चुलीपुढं बसून स्वतःशी बोलते, तसं. मला त्याची सवय होती. नवल वाटायचं ते आक्कांचं. त्यांचेही ओठ हलायचे. मला वाटायचं, सुनेला शिव्या देत असतील. तेवढा हक्क कुठल्याही सासूला असतो. आणखी एक गोष्ट मी बघितली होती. भेंडीत अळी निघाली की आम्ही चिमटीत धरून चिरडतो आणि पुढं सरकतो. आक्का थांबायच्या. अळी पानावर घ्यायच्या, पान ओंजळीत धरून सरी ओलांडून जायच्या, आणि कुठंतरी सोडून परत यायच्या. एवढ्यात मी अर्धी सरी पुढं गेलेली असायचे.

"आक्का, अळीला पोचवायला जाता व्हय? साडी-चोळी बी करा की!"

"जातीया आपली. पाय मोकळं हुत्यात."

यापुढं त्या काही बोलायच्या नाहीत, आणि मीही विचारायचे नाही. पण डोक्यात किडा वळवळायचा तो वळवळायचाच.

त्या उन्हाळ्यात बुद्धघोषला वेगळंच वेड लागलं होतं. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. विहाराला नवा रंग, नवं स्टेज, बाहेरून भन्तेजी येणार. "नुसती खीर वाटून काय होणार, मम्मी? एक तरी बाहेरचं कुटुंब धम्मात यायला पाहिजे. या स्टेजवर, सगळ्यांसमोर." कंपनीतून आला की गाडी काढायचा आणि दारोदार जायचा. बोलायचा चांगलं, मन लावून. लोकही चांगलेच. चहा द्यायचे, "बघू, इचार करू," म्हणायचे आणि बिस्किटं पुढं सरकवायचे. मला पोराचं कौतुकही वाटायचं आणि कीवही यायची. घरी येऊन तो जेवायचा नाही, एवढी बिस्किटं झालेली असायची.

बुधवारी आमच्यात तोडा होता. ऊन असं की मातीला हात लावला तर पोळावं. दुपार कलल्यावर बुद्धघोष कंपनीतून थेट रानात आला, भरलेली कॅरेटं रस्त्यावर न्यायला. भेंडी तेव्हा छातीला लागत होती. आक्का पलीकडच्या सरीत वाकलेल्या, त्यांना तो दिसला नाही. मला दिसला. एक कॅरेट उचलायला वाकला आणि तसाच थांबला.

मीही कान दिला. आत्या तर बांधावर पाणी पीत बसल्या होत्या. मग हा आवाज कुणाचा? आक्कांचा. बुद्धं सरणं, धम्मं सरणं... शब्द जरा मोडके, चाल आत्यांचीच. प्रत्येक शब्दाला एक भेंडी, टच्, टच्.

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलं. एवढे दिवस दारोदार जे शोधत होता ते आपल्याच रानात सापडलेलं. मी खुणेनं म्हटलं, गप राहा. त्यानं मान हलवली. मला वाटलं, हो म्हणतोय.

संध्याकाळी डांबरीवर म्हस्कूचा पिकअप लागला. त्यात सगळ्यांचा माल जातो, म्हणून दहा माणसं गोळा होतात. झुंबरदाजी खांद्यावर कॅरेट घेऊन उभे. आक्का मागं, हातात अजून मोजे. तेवढ्यात बुद्धघोष दाजींच्या पुढं झाला.

"तात्या, अभिनंदन!"

"कशाचं रं?"

"काकूंचं. काकू मनानं कधीच धम्मात आल्यात. आज मी माझ्या कानांनी त्यांचं त्रिशरण ऐकलं. पौर्णिमेला तुमचा दोघांचा स्टेजवर सत्कार करायचा."

पिकअपचं इंजिन चालूच होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. म्हस्कू खिडकीतून वाकला. "आगं बाबौ! मंग झुंबरराव, आता जेजुरीला भंडारा कुणी उधळायचा? का एकाच घरात दोन दुकानं काढताय?"

माणसं हसली. वाईट नाही हसली, पण हसली. दाजींनी कॅरेट गाडीत ठेवायचं सोडून खाली जमिनीवर ठेवलं. टोपी काढली, मान पुसली, टोपी पुन्हा घातली. आक्कांनी मोज्यांतले हात पदराखाली घेतले, कुणी हातात चोरीचा माल बघू नये तसे. प्रगतीनं कानातला हेडफोन काढला आणि सासूकडं बघत राहिली, पहिल्यांदाच बघावं तशी.

अंधार पडायच्या आत दाजी आमच्या दारात आले. ओट्यावर चढले नाहीत. लिंबाखाली उभे राहूनच बोलले.

"ताईबाई, उद्यापासनं सावड न्हाय. तुमचं तुमी तोडा, आमचं आमी."

सावड मोडली की दोन्ही रानांतली निम्मी भेंडी झाडावर जून होणार, त्यांचीही आणि आमचीही. आणि सावडीपरीस मोठी गोष्ट होती, ती मला तेव्हा नीट सांगता आली नसती. उद्यापासून बांधापलीकडून "दर्शे" अशी हाक येणार नव्हती.

आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झुंबरराव, आज तुमच्या दोघी आमच्यात राबल्या का न्हाय?"

"राबल्या."

"मंग आमची उद्याची पाळी तुमच्यात लागती."

"मला नको ती पाळी."

"तुमाला नको आसंल. फेडायची आमाला हाय. सावड अंगावर ठिवून भांडायची रीत न्हाय. उद्या सांजच्यापातुर फिटती. परवापासनं खुशाल भांडा, मी बी येती भांडायला."

रीत खरी होती. दाजींच्या आईनंही हेच सांगितलं असतं. ते तसेच वळून गेले.

जेवताना बुद्धघोषनं ताट पुढं ओढलं आणि नुसतं बघत बसला.

"मी काय वाईट बोललो? काकूंनी चोरी केली का? चांगली गोष्ट होती, चांगली म्हणून सांगितली."

"तिनं सांगितली हुती का तुला?" आत्यांनी विचारलं.

"आजी, तुझ्या बानं मनातल्या मनातच ठेवलं असतं तर? लोणी भापकरला सगळ्या गावादेखत देव टोपलीत घातले, कऱ्हेत सोडले. सगळ्यांना दिसलं, म्हणून आज आपण ताठ मानेनं जगतोय. गपचूप केलं असतं तर कुणी विचारलं असतं आपल्याला?"

खोटं नव्हतं त्याचं. आत्या भाकरी चावत राहिल्या. त्यांचे दात थोडे, वेळ लागतो.

"बा टोपली डोक्यावर घिऊन भर पेठंतनं गेला," त्या म्हणाल्या. "मी आईच्या काखंत. दारादारातनं माणसं बगत हुती, आन त्यांनी बगावं आसंच त्येला वाटत हुतं. नदीवर गेला, टोपली सोडली, हात धुतलं. माघारी येताना मला खांद्यावर घेतलं. लई खरं हाय तुजं. चोरून केलं आस्तं तर काय उपेग न्हवता."

"मग?"

"टोपली त्येची हुती. त्येनं सोता उचलली. तू दुसऱ्याच्या घरात जाऊन टोपली उचललीस."

बुद्धघोष जेवला नाही. त्या दिवशी तर बिस्किटंही झाली नव्हती.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. उजाडायला मी मोजे घेतले तर एक जोड कमी. बघते तर बुद्धघोष कंपनीचे काळे मोजे हातात घालून अंगणात उभा.

"तू कुठं?"

"फेडायला."

आम्ही तिघं बांध ओलांडून गेलो. दाजी कडेला पंपाजवळ बसलेले, पाठ आमच्याकडं. प्रगतीनं कॅरेटं दिली, बोलली नाही. आक्का सरीत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, शिवून टाकल्यासारखे. मी शेजारची सरी धरली, पलीकडं आत्या, अलीकडं बुद्धघोष. भेंडी तुटल्याचा आवाज तेवढा येत होता. आत्याही त्या दिवशी पुटपुटल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला भेंडीचा तोडा मुका वाटला.

पोराला सवय नाही. घटकाभरात मान लाल, मनगटं सुजलेली. मोज्याच्या वर जिथं उघडं होतं तिथं खाजवून खाजवून रक्त काढलं त्यानं. तरी थांबला नाही.

आक्कांच्या हातात एक किडकी भेंडी आली. त्यांनी ती मोडली. आत हिरवी-तांबूस अळी, अर्धी बाहेर आलेली. आक्कांनी मान वळवून दाजींच्या पाठीकडं बघितलं. प्रगतीकडं बघितलं. मग अळी बोटांत धरली आणि चिरडली. मोठ्यानं म्हणाल्या, "मेली एकदाची!" कुणालातरी ऐकू जावं म्हणून.

मोज्यावर हिरवा डाग पडला. त्यांनी हात साडीला पुसला. पुन्हा पुसला. पुन्हा. मग मोजा काढून फेकला आणि उघड्या हातानंच तोडायला लागल्या.

आम्ही रोज एवढ्या अळ्या मारतो आणि संध्याकाळी वंदनेला बसतो. मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या एका अळीनं मात्र माझा तोडा थांबला. बुद्धघोषनंही बघितलं होतं. तो उभा राहिला, कॅरेट तिथंच ठेवलं. मला वाटलं, आता पुन्हा भाषण. पण तो खाली वाकला आणि झाडं धुंडाळायला लागला. एक किडकी भेंडी सापडली, त्यानं ती हलक्या हातानं मोडली. अळी पानावर घेतली. हातात दिवा घेऊन चालावं तसा तो सावकाश कडेला गेला आणि पंपाशेजारी वाकला.

दाजींनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

"काय करतुयास?"

"सोडतोय, तात्या."

"हितं न्हाय."

"मग?"

दाजींनी हात लांब करून दाखवलं. "तिकडं. एरंडाच्या पल्याड. ती कायम तिकडंच टाकती."

मी सरीत ताठ झाले. एरंडाच्या पल्याड म्हणजे आमचं रान.

"तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजी काय? मला काय डोळं न्हाईत?" दाजी उठून उभे राहिले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माजी बायकू हाय ती. अळी मारत न्हाय, मला म्हायती हाय. फवारणी आसली की मी आदल्या दिशी हिला सांगतो, म्हंजी ती दळण घिऊन गावात जाती. तिला वास सोसत न्हाय आसं म्हनती. वास मला बी येतो. का जाती, मी इचारलं न्हाय. काय म्हनती, त्ये बी इचारलं न्हाय. खंडूबाच्या तळीला ती माज्या शेजारी उभी ऱ्हाती, मला तेवढं बास हुतं. आन तू म्हस्कूच्या गाडीम्होरं बोंबललास."

भेंडीतून आक्का बाहेर आल्या. पदर सुटलेला, उघड्या हातांवर लाल चट्टे.

"तुमाला म्हायती हुतं?"

"व्हय."

"मंग बोलला न्हाईत कधी?"

"तू कुठं बोललीस?"

दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मधे एवढी मोठी गोष्ट ठेवून दोघं दोन बाजूंनी तिला वळसा घालून जात होते, धक्का लागू नये म्हणून. प्रगती तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी मात्र माझ्या भोकं पडलेल्या भेंडीचा विचार करत होते. दोन उन्हाळे!

"तात्या, माझं चुकलं," बुद्धघोष म्हणाला.

"हितं चुकलं न्हाईस. डांबरीवर चुकलास. हितं माफी मागून काय उपेग?"

दुपारी भाकरी सोडल्या तेव्हा बुद्धघोष आजीजवळ सरकला. "आजी, म्हस्कूला सांगतो, मी चुकीचं ऐकलं म्हणून. पण ते खोटं होईल. पंचशीलात बसत नाही."

"तुजं तू बग."

"तू सांग की."

"हिनं बी मला आसंच इचारलं हुतं," आत्यांनी आक्कांकडं हनुवटी केली. "जीव घ्यायचा न्हाय म्हंजी अळीचा बी का, म्हनून. तिला बी मी तेच सांगितलं."

आक्का खाली बघून कांदा फोडत होत्या. "मला त्याचा अर्थ बी नीट ठावं न्हाय," त्या पहिल्यांदाच बोलल्या. "आत्याच्या तोंडचं ऐकून ऐकून बसलं. म्हणत म्हणत तोडलं की डोकं गप ऱ्हातं. खंडूबाला मी सोडलं न्हाय, आन ह्येला बी कुठं बांधून घेतलं न्हाय. माज्यापुरतं हाय ते. स्टेजवर न्हेलं तर माजं ऱ्हाईल का?"

बुद्धघोषनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग भाकरीचा घास घातला.

संध्याकाळी पिकअपपाशी माणसं गोळा झालीच होती, आदल्या दिवशीपेक्षा जास्त. म्हस्कूनं लगेच सुरू केलं, "काय झुंबरराव, कुठल्या देवाचा माल भरू आज?"

बुद्धघोष पुढं झाला. हात कोपरापर्यंत सुजलेले. "म्हस्कूभाऊ, काल मी जे बोललो ते मी बोलायचं नव्हतं. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकलं. तात्यांच्या घरातलं तात्यांना माहीत. मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

"मंग स्टेजवर कोन?"

"कुणी नाही. खीर आहे. तू ये."

"गुळाची का साकरंची?"

"गुळाची."

"येतो की मंग!" म्हस्कू म्हणाला, आणि गोष्ट खिरीवर गेली. गावातल्या गोष्टी अशाच कुठूनही कुठंही जातात. दाजींनी कॅरेट उचलून गाडीत ठेवलं. जाताना बुद्धघोषच्या मनगटाकडं बघून म्हणाले, "खोबरेल लाव त्येला. खाजवू नगंस."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आत्यांच्या त्या 'परवा'ला, कुणीच भांडायला आलं नाही. उजाडायला आक्का आणि प्रगती मोजे घालून आमच्या रानात उभ्या होत्या.

पौर्णिमेला भन्तेजी आले. स्टेजवर बुद्धघोष बोलला, पण थोडंच, आणि त्यात आजीच्या बाची टोपली सांगितली, कऱ्हेपर्यंतची सगळी. आत्या पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या. म्हस्कू दोनदा खीर घेऊन गेला. आक्का आल्या नाहीत. बुद्धघोषनं खिरीचा डबा भरला आणि बांधावरून देऊन आला. दाजींनी घेतला. "काय म्हणाले?" मी विचारलं. "विलायची जास्त झाली म्हणाले." यापुढं आम्हीही काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या तोड्याला आक्का माझ्या शेजारच्या सरीत होत्या. ओठ पुन्हा हलायला लागले होते, आधी चाचरत, मग सरळ. माझ्या हातात किडकी भेंडी आली. मोडली. अळी बाहेर आली, तोंड वर करून इकडं तिकडं बघायला लागली. नेहमीसारखी माझी चिमूट पुढं झाली आणि का कोण जाणे, तिथंच राहिली.

"आक्का, हिचं काय करू?"

त्यांनी मान वर केली नाही. "मला काय इचारतीस? तुजी भेंडी, तुजी अळी."

"सांगा की."

"न्हाय सांगायची."

मी थोडा वेळ अळीकडं बघितलं. मग तिला पानावर घेतलं, सरी ओलांडली, एरंडापाशी गेले. मागं वळून बघितलं; आक्का माझ्याकडंच बघत होत्या. मी हात लांब केला आणि पान बांधापलीकडं, त्यांच्या भेंडीत अलगद ठेवलं.

"ए दर्शे!" आक्का ओरडल्या. "माज्या रानात कशाला गं?"

"घरी पोचवली," मी म्हटलं.